माठातली डबी

"काहो जवाईबापू, तुमी तिथं मांडीवर पाट घेऊन भाजी चिरून राह्यले होते काय?"

इंदूबाईंनी हे इतक्या निर्मळ मनानं विचारलं, की मोतीराम तायड्याच्या हातातला भाकरीचा तुकडा वरणात तसाच बुडून राहिला. सासूबाई अचलपूरहून एका नात्यातल्या लग्नासाठी अकोल्याला आल्या होत्या. त्याच लग्नात मोतीरामच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, आणि जावई नेमकं करतो तरी काय ते एकदा बघावं म्हणून त्या मुद्दाम पहिल्या ओळीत जाऊन बसल्या होत्या. बघून झालं होतं. ऐकायचं राहून गेलं होतं.

"गिटार हाये ते, मामी," मोतीराम म्हणाला. "मांडीवर आडवी ठेवूनच वाजवा लागते."

"असन बापा. पन आवाज तं आला नाही."

"तुले ऐकू कमी येते, आई," चुलीपाशी बसलेली ललिता म्हणाली.

"मले कमी येते. माह्यासंगं आलेल्या शेजारच्या पार्वताबाईले तं भिंतीपलीकडची कुजबूज ऐकू येते. तिलेबी नाही आला. ते म्हने, तुह्या जवायाले तिथं पाहुन्यावानी बसवून ठेवलं हाये, काम काई देऊन नाही राह्यले."

ललितानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी गेली. ती तिथं जरा जास्तच वेळ थांबली.

मोतीराम दिवसा वीज कंपनीचे मीटर वाचायचा. अकोट फैल वस्तीतल्या घरातून सकाळी सायकलवर निघायचं, लोकांच्या ओसरीवर, जिन्याखाली, कधी न्हाणीच्या दाराशी मान वर करून आकडे टिपायचे, की पुढचं घर. कोणी त्याला चहा विचारत नसे. बिल वाढतं ते याच्या बघण्यामुळेच, अशी अर्ध्या अकोल्यातल्या बायकांची पक्की समजूत होती.

संध्याकाळी मात्र तो गिटारवाला असे. नोकरीच्या सुरुवातीला तो बडनेऱ्याला होता. तिथं एका रेल्वे गार्डाच्या बंगल्यात ही आडवी गिटार वाजायची, आणि मीटर वाचून झाल्यावरही हा माणूस दारातून हलत नाही हे गार्डसाहेबाच्या ध्यानात आलं होतं. साहेबाची बदली झाली, सामानात गिटार मावेना, तेव्हा त्यानं ती मोतीरामच्या हातात ठेवली. जाण्याआधी दोन-तीन रविवार धडे दिले. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून कशी सरकवायची, उजव्या हातानं तार कशी छेडायची, एवढं दाखवलं आणि साहेब गाडीत बसून कायमचा निघून गेला. पुढचं शिक्षण मोतीरामनं स्वतःच्या हिमतीवर पूर्ण केलं, आणि त्यात त्याला कोणी नापास करणारं नव्हतं.

भगवंतराव हे अकोल्यातले जुने बॅण्डवाले. वरातीपुढे पितळी वाजंत्री घेऊन चालण्याचा जमाना सरत चालला, लोकांना खुर्च्यांवर बसून वाजवणारा ऑर्केस्ट्रा हवासा झाला, तेव्हा त्यांनी स्वतः गळ्यात अकॉर्डियन अडकवला, पोलीस बॅण्डातून रिटायर झालेल्या जानरावला क्लॅरिनेट घेऊन बसवलं, ड्रमवाला आणला, गायक आणला, आणि गिटारशिवाय ऑर्केस्ट्रा दिसत नाही म्हणून मोतीरामला घेतलं. दिसण्यापुरतं ते काम फार चांगलं झालं. मोतीरामची गिटार पॉलिश केलेली असे, सदरा इस्तरीचा असे, आणि वाजवताना तो डोळे मिटून असा काही हरवून जाई, की फोटो काढणारा पहिला फोटो त्याचाच काढी. फक्त तारांखाली बसवलेलं चुंबक अगदीच मरतुकडं होतं. गिटारीतून निघालेला आवाज वायरीनं तो मोठा करणाऱ्या मशीनपर्यंत जाई आणि तिथून भोंग्यापर्यंत पोहोचेतो ड्रम, अकॉर्डियन आणि जानरावची क्लॅरिनेट यांच्या गर्दीत चेंगरून मरून जाई.

सासूबाईंच्या प्रश्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात भगवंतरावांनीही विषय काढला.

"मोतीराम, आजकाल लोक बोंगो मांगून राह्यले. अमरावतीच्या एका पोराले मी पाहून ठेवलं हाये."

"मंग घ्या ना. मजा येईन."

"घेतो. पन खुर्ची एकच हाये रे बाप्पा." भगवंतराव मनानं वाईट नव्हते. हे सांगताना ते अकॉर्डियनच्या पट्ट्याशीच चाळा करत होते. "जयंतीपर्यंत पाहू. अचलपूरचा कार्यक्रम होऊ दे. मंग ठरवू."

चौदा एप्रिलची अचलपूरची जयंती म्हणजे सासुरवाडीची वस्ती. सगळं सासर पहिल्या ओळीत. मोतीराम त्या रात्री नीट जेवला नाही आणि सकाळी मीटर न वाचताच तडक मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात नारायणच्या दुकानात शिरला.

नारायण रेडिओ दुरुस्त करत असे. त्याचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली, हातभर जाडीच्या दगडी भिंतींत होतं. उन्हाळ्यात माणसं बिघडलेला रेडिओ घेऊन येत, तो दुरुस्त झाला तरी उठत नसत. तिथं इतकं गार वाटे, की बिघाड नसलेले रेडिओही दुरुस्तीला यायचे.

"याच्यात जीवच कमी हाये," गिटार उलटीपालटी करून नारायण म्हणाला. "चुंबक बदलून काई होत नाही. मधात एक डबी बसवू. गिटारीतून आवाज डबीत, डबीतून मशीनमधी. एक ट्रान्झिस्टर लावतो. चौपट होईन."

"चौपट?"

"कमीच बोललो."

साबण ठेवायची अॅल्युमिनियमची एक डबी त्यानं कुठूनशी काढली. तिच्यात ट्रान्झिस्टर, दोनचार बारीकसारीक भाग आणि एक सेल असं सगळं झाळून बसवलं. दोन्ही हात गिटारीवर अडकलेले, म्हणून पायानं दाबायचं एक बटन केलं. दाबलं की आवाज मोठा, पुन्हा दाबलं की जैसे थे. आठवड्यानं दुकानातच त्यांनी ती लावून पाहिली. मोतीरामनं बटनावर पाय ठेवला, तार छेडली, आणि समोरच्या शिंप्यानं शिवणयंत्र थांबवून आरोळी मारली, "नारायण! भोंगा फुटला काय रे?"

मोतीरामच्या डोळ्यांत पाणीच आलं. कोणीतरी तक्रार केली होती. त्याच्या वाजवण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तक्रार केली होती.

पुढच्याच लग्नात, भर दुपारी, अमरावतीच्या मांडवात त्यानं बटन दाबलं. पहिली ओळ खणखणीत आली. भगवंतरावांनी चमकून मागे पाहिलं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि कढईत भजी सोडल्यासारखी चरचर सुरू झाली. तिसऱ्या ओळीला कोणीतरी गिटारीवर गोधडी टाकली असावी तसं झालं, आणि मग काहीच नाही. भगवंतराव पुढे वळले.

तो डबी घेऊन नारायणकडे गेला. नारायणनं वायर जोडली, तार छेडली. शिंपी ओरडला.

"चालून राह्यली ना."

"तिथं नाही चालली."

"मंग सेल उतरला असन." सेल बदलला. मूर्तिजापूरच्या बारशात डबी पाळण्याआधी रडायला लागली आणि नाव ठेवायच्या आत गप्प झाली. परत दुकान. परत शिंप्याची आरोळी. नारायणनं वायर बदलली. एकेक सांधा पुन्हा झाळला. डबी हलवून पाहिली, ठोकून पाहिली, कानाला लावून पाहिली. प्रत्येक वेळी ती दुकानात गळा काढून गायची आणि मांडवात पोहोचली की नव्या नवरीसारखी मुकी व्हायची.

"तुह्या पायात दोष हाये," शेवटी नारायण म्हणाला. त्याच्या कारागिरीचा प्रश्न होता. तोही आता रडकुंडीला आला होता. "इथं तू चप्पल काढून बसतं. तिथं?"

"तिथं बूट राह्यते."

"मंग बूट काढ."

मोतीरामनं बूट काढून वाजवलं. मग एक काढून वाजवलं. मग मोजे घालून वाजवलं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकानं येऊन सांगितलं, की पाय भाजत असतील तर चटई देतो. डबी तेवढ्यात चरचरली आणि गप्प झाली.

अशा वेळी माणसाला शत्रू लागतो. मोतीरामला तो शेजारच्याच खुर्चीवर सापडला. जानराव उंच, काटकुळा, मिशा पिळदार, बोलणं कमी. गिटारीची पाळी आली की नेमका हाच क्लॅरिनेट जोरात फुंकतो, हे मोतीरामच्या मनात पूर्वीच आलेलं होतं. आता त्याला जानरावचा लांबलचक पाय आणि आपली वायर एकमेकांच्या फार जवळ दिसायला लागली. मूर्तिजापूरनंतरच्या कार्यक्रमात डबी गप्प झाली तशी त्याला राहवलं नाही.

"जानरावभाऊ, तुमी वायरवर पाय देऊन राह्यले होते."

"मी?"

"तुमीच. माहा आवाज निंगाला का तुमच्या पोटात दुखते. मी पाहून राह्यलो लय दिवसापासून. मी वाजवतो का तुमी मोठ्यानं फुकता."

जानरावनं क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. त्याचा चेहरा लालबुंद झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मोतीराम," तो म्हणाला, "तुहा आवाज येत नाही यात तुहं भलं हाये. मले जास्त बोलाले लावू नको."

त्यानंतर महिनाभर दोघं शेजारी बसून एकमेकांशी बोलले नाहीत. जानरावनं आपली खुर्ची मात्र वायरीपासून हातभर दूर सरकवून घेतली, आणि सगळ्यांना दिसेल अशी सरकवली. डबी तरीही गप्पच झाली.

एप्रिल उजाडला. एका रविवारी दुपारी मोतीराम नारायणच्या दुकानातून घरी आला. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली डबी त्यानं उंबऱ्यातच आपटली आणि तो बाजेवर आडवा पडला. थोड्या वेळानं ललिता पाणी भरायला उठली. तिच्या पायाच्या करंगळीला डबी लागली.

"हे डबी एखाद्या दिवशी मोर्णेत फेकून येतो पाहा मी," असं म्हणत तिनं लंगडत ती उचलली. ठेवायला जागा नव्हती. माठाखालच्या ओल्या वाळूत एका कोपऱ्यात तिनं ती खुपसून दिली आणि वर ताटली झाकली.

चारच्या सुमाराला मोतीराम उठला तो निश्चय करून. डबी फोडायची. त्याआधी एकदाच, शेवटचं वाजवून घ्यायचं. नारायणनं दिलेला जुना रेडिओ घरात होता. त्याच्या पाठीत वायर खुपसली की त्याचंच मशीन होई. त्यानं वाळूतून डबी उपसली, पुसली, जोडली, बटन दाबलं आणि रागारागानं तार ओढली.

पत्र्याचं छप्पर थरथरलं. पलीकडच्या घरातून भिंतीवर लाथ बसली.

ललिता हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मोतीराम वाजवत सुटला. पण गाणं अर्ध्यात आलं आणि उतरत्या उन्हाची तिरीप दारातून डबीवर आली. चरचर सुरू झाली. मग गोधडी. मग काही नाही.

"पाह्यलं?" तो ओरडला. "पाह्यलं ना आता?"

ललितानं खाली वाकून डबीला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

"अवं, तापली ना हे. ऊन लागलं तिले."

"डबीले कुठी ऊन लागते काय?"

"मानसाले लागते, ढोरायले लागते, हिलेच काऊन नाही लागनार?" तिनं वायरीसकट डबी उचलून परत वाळूत ठेवली. "थांबा जरा."

दोघं माठाकडे बघत बसली. थोड्या वेळानं मोतीरामनं हळूच तार छेडली. आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग मोकळा. त्यानं डबी बाहेर काढली. आवाज बसला. वाळूत ठेवली, आला. काढली, गेला. ललिताला हसू आवरेना. तिनं कोनाड्यातला एक कांदा आणला आणि डबीशेजारी ठेवला.

"खिशात ठेवा म्हना याले. उन्हाची लू नाही लागनार."

मोतीरामही हसायला लागला. किती दिवसांनी तो त्या घरात एवढ्या मोठ्यानं हसला ते ललितालाच ठाऊक. मग हसता हसता तो एकदम थांबला.

"जानरावभाऊनं वायरवर पाय नोता दिला," तो म्हणाला.

ललितानं कांदा उचलून परत कोनाड्यात ठेवला.

नारायणनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ट्रान्झिस्टरले गरमी सोसत नाही. हे तं मले माईतच होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"माह्या दुकानात कधी गरम होतच नाही, तं मले याद कशी येईन?" नारायण चिडून म्हणाला. मग जरा नरमून, "गरमी सोसनारे नवे निंगाले म्हनतेत. पन ते मुंबईहून येतीन तवा येतीन. तुही जयंती तं येऊन ठेपली."

तेव्हा माठच न्यावा असं ठरलं. रुंद तोंडाचा एक लहान माठ, बुडाशी ओली वाळू, तिच्यात मेणकापडात गुंडाळलेली डबी, तोंडातून बाहेर येणाऱ्या दोन वायरी, आणि एका लांब वायरीला पायाचं बटन. भगवंतरावांनी हे प्रकरण बसस्टँडवर पहिल्यांदा पाहिलं.

"हे काय आनलं?"

"डबी."

"माठात?"

"थंडी ठेवा लागते तिले."

भगवंतरावांनी वाकून माठात पाहिलं. "लोकायनं इचारलं तं?"

"काय सांगू?"

"जलतरंग सांग," भगवंतराव म्हणाले आणि गाडीत चढले. जानराव शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कंडक्टरनं माठाच्या वायरी पाहून आत काय आहे ते विचारलं. मोतीरामनं जलतरंग सांगितलं. कंडक्टर म्हणाला, मग हिंदकळू देऊ नका.

अचलपूरच्या वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या. संध्याकाळी मिरवणूक निघायची, म्हणून कार्यक्रम दुपारचा. कनात बांधली होती, पण वारा असा होता की कनातीतून गाळूनही तो भाजत होता. माणसं "जय भीम" करत येत होती आणि टोपीनं वारा घेत होती. इंदूबाई पहिल्या ओळीच्या मधोमध, शेजारी पार्वताबाई, पलीकडे ललिता.

मोतीराम खुर्चीवर बसून वायरी लावतो न लावतो तोच एक म्हातारा काठी टेकत आला, पेला काढला आणि त्यानं सरळ माठात हात घातला. हाताला वायरी लागल्या.

"अरे, यात तं केस हायेत कोनाचे!"

"त्याले हात नका लावू!" इंदूबाई बसल्या जागेवरून गरजल्या. "जवायाचा बाजा हाये तो!"

सगळा मांडव माठाकडे बघायला लागला. भगवंतरावांनी डोळे मिटून घेतले आणि अकॉर्डियनवर सूर धरला. भीमगीत सुरू झालं. गायकानं एक कडवं म्हटलं, आणि मधली जागा आली ती गिटारीची. मोतीरामनं बटन दाबलं.

आवाज आला. भोंग्यातून निघून तो कनातीवर आदळला, पलीकडच्या गल्लीत गेला. मागच्या रांगेत झोपलेलं मूल दचकून उठलं. मोतीराम वाजवत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं वाजवणं बाहेरून, भोंग्यातून, बाकीच्या वाद्यांच्या जोडीनं सलग, इतर सगळ्यांसारखं ऐकत होता.

ते बेसूर होतं.

फार नव्हतं. सुरापेक्षा जरासं खाली, एखादी खाट एका पायानं आखूड असावी तसं. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं. भगवंतरावांनी मान वळवली. त्यांचे डोळे मोठे झाले होते. गायकानं कानावर हात नेला आणि भान येऊन परत घेतला. आणि त्याच क्षणी जानरावनं, कोणी सांगितलं नसताना, क्लॅरिनेट ओठांना लावून जीव खाऊन फुंकली. मोतीरामनं त्याच्याकडे पाहिलं. जानरावच्या गालांच्या शिरा तटतटल्या होत्या. तो मोतीरामचा आवाज झाकत होता. त्याच्या डोळ्यांत वैर नव्हतं, नुसती धावपळ होती. आग विझवायला घागर घेऊन निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी. पण आज घागर पुरत नव्हती. डबी फारच चांगली चालत होती.

बटन पायाखालीच होतं. एकदा दाबलं की संपलं. पुन्हा कोणाला काही कळणार नव्हतं. त्यानं पाय उचललाही.

"आला!" पहिल्या ओळीतून इंदूबाईंचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येत असल्यानं त्या नेहमी ओरडूनच बोलत. "पार्वता, आला वो आवाज! पाह्य, वाजवते माहा जवाई!" त्यांचं सगळं तोंड हसत होतं. मग त्यांनी जरा कान दिला, मान तिरकी केली आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, "पन थोडासाक खाली येऊन राह्यला ना वो?"

मांडव खदखदून हसला. ललितानं खाली मान घातली. इंदूबाईंनी जन्मभर जात्यावर गाणी म्हटली होती; त्यांना ऐकू कमी येई, पण जेवढं येई तेवढ्यात चूक चालत नसे.

"वर घ्या, जवाईबापू!" त्या हातानं वरची दिशा दाखवत म्हणाल्या. "वर, वर!"

मोतीरामचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला होता. तो त्यानं बाजूला, जमिनीवर टेकवला. बटन दाबलं नाही. डोळे उघडे ठेवून त्यानं डाव्या हातातली कांडी तारांवर केसभर पुढे सरकवली.

शेजारून जानरावनं क्लॅरिनेट तोंडापासून काढली. महिन्याभरात पहिल्यांदा तो बोलला, तोंडातल्या तोंडात.

"अजून."

मोतीरामनं सरकवली.

"अजून थोडी. बस. आता हाल्लू नको." आणि त्यानं क्लॅरिनेटवर एक लांब, सरळ सूर धरला. मोतीरामनं तार छेडली आणि आपला सूर त्या सुराला नेऊन टेकवला. दोन्हींचा मिळून एकच झाला. भगवंतरावांनी, हसू दाबत असतील किंवा नसतील, गायकाला कडवं पुन्हा घ्यायची खूण केली.

ते काही फार मोठं वाजवणं झालं नाही. पुढच्या गाण्यात तो दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा इंदूबाईंनी हात वर केला. तिसऱ्यात एकदाच केला. चौथ्या गाण्याच्या वेळेस तर मांडवातल्या बायाही त्यांच्याबरोबर हात वर करायला लागल्या होत्या. मधे वाळू सुकून डबी चरचरली, तेव्हा ललिता तांब्या घेऊन बिनदिक्कत पुढे आली आणि माठात पाणी शिंपडून गेली. तिच्या त्या जाण्यायेण्याला गायकापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. शेवटच्या गाण्यात गिटारीची जागा आली तेव्हा कोणी हात वर केला नाही. इंदूबाई मांडीवर ताल धरून बसल्या होत्या, आणि बाकीचे नुसते ऐकत होते.

मिरवणूक निघाल्यावर भगवंतराव अकॉर्डियन पेटीत ठेवत म्हणाले, "बोंगोवाला येऊन राह्यला पुढच्या महिन्यात."

"बरं," मोतीराम म्हणाला.

"त्याले तिकडच्या बाजूले बसवतो. खुर्ची पाहू आपन एखादी." त्यांनी पेटीचा खटका लावला. "तू जानरावच्या बाजूलेच राह्य. अन् रोज सकाळी त्याच्या घरी जात जाय, गिटार घेऊन. मीटर काई पळून जात नाहीत."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीला गर्दी होती. ललिता आईकडे राहिली होती. मोतीरामच्या पायांत माठ अडकलेला, म्हणून गिटार धरायला जागा नव्हती. खिडकीशी बसलेल्या जानरावनं ती ओढून आपल्या मांडीवर घेतली. अंजनगाव गेलं. ऊन चढलं. खिडकीतून वाफेसारखा वारा यायला लागला.

"जानरावभाऊ."

"हं."

"तुमाले माईत होतं? मी उतरून वाजवतो ते?"

"बाजूले मीच बसतो ना रे. मले नाही तं कोनाले माईत राहीन?"

"मंग सांगतलं काऊन नाही?"

जानरावनं मांडीवरची गिटार जरा सावरून घेतली.

"पहिल्याच वर्सी सांगनार होतो," तो म्हणाला. "पन तू डोये मिटून वाजवताना इतका खुश दिसे. म्हनलं, राहू दे. मी जरा जोरानं फुकतो."

मोतीरामला वायरीबद्दल बोलायचं होतं. काय बोलायचं तेही त्यानं मनात जुळवलं होतं. पण अकोटला गाडी थांबली तसा तो उतरला. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं तो नळाखाली चिंब भिजवला आणि परत चढला. तोवर जानराव गिटारीवर हात ठेवून पेंगायला लागला होता. मोतीरामनं ओला दुपट्टा त्याच्या डोक्यावरून, कानांवरून नीट गुंडाळला.

"मीबी तापलो काय रे?" डोळे न उघडताच जानराव म्हणाला.

"महिन्यापासून तापलेच होते तुमी."

जानरावच्या मिशा किंचित हलल्या. गाडी सुरू झाली. दुपट्ट्याचं पाणी थेंबथेंब गिटारीच्या तारांवर पडत होतं, आणि जानराव झोपेतच प्रत्येक थेंब तळहातानं पुसून काढत होता.